विश्लेषण : बिबट्या, ऊस आणि रात्रीची वीज… गावाच्या शाश्वत विकासाचे संशोधन जुन्नर-आंबेगावात काय सांगते?

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा बळी गेला. त्यात दोन मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर पिंजरे, ड्रोन, सायरन, नसबंदी, स्थलांतर असे उपाय एकामागोमाग एक चर्चेत आले. जुन्नर वनविभागात मोडणाऱ्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांसाठी ही चर्चा नवी नाही. यातील काही उपाय येथे पूर्वी करूनही झाले आहेत, त्यांच्या परिणामांचा अभ्यास झाला आहे आणि तो जगभर वाचलाही गेला आहे. मग गावाच्या शाश्वत विकासावर होणारे संशोधन नेमके काय सांगते आणि ते गावापर्यंत का पोहोचत नाही?

जुन्नरचा पूर्व पट्टा कसा बदलला?

निमगाव सावा, मंगरूळ, पारगाव, साकोरी ही जुन्नरच्या पूर्वेकडील गावे. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत धो धो पाऊस पडतो, पण पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. या कोरड्या भागाचे रूप पालटले ते कुकडी प्रकल्पाने. पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी कालव्यांतून जुन्नर, आंबेगाव, शिरूरसह पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. पाणी आले तशी बाजरी-मटकीच्या जागी ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा ही पिके आली. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे नाव राज्याबाहेर गेले. शेतकरी गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला गेला, दारात गाई-शेळ्या आल्या. कोणत्याही मोजपट्टीने हा विकासच आहे, आणि तो या भागातील शेतकऱ्यांनी कष्टाने मिळवला आहे.

मात्र ऊस वर्षभर शेतात उभा असतो. त्यात सावली असते, ओलावा असतो, लपायला जागा असते आणि महिनोन्महिने माणसाचा वावर नसतो. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडल्याची बातमी या भागात दर हंगामात येते. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातील पथक ते बछडे रात्री पुन्हा त्याच जागी ठेवते आणि मादी येऊन त्यांना घेऊन जाते. या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या. ‘जंगल सोडून गावात आलेला बिबट्या’ हे वर्णन त्यांना लागू पडत नाही.

पकडून जंगलात सोडले तर?

अशा बैठकांत हमखास पुढे येणारी ही मागणी समजण्यासारखी आहे. ज्याच्या अंगणातून मूल उचलून नेले गेले, त्याला परिसंस्थेचे धडे देण्यात अर्थ नसतो. पण हा उपाय जुन्नरमध्ये एकदा केला गेला होता, हे विसरता येणार नाही.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम राबवण्यात आली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते २००३ या काळातील नोंदी तपासल्या. मोहिमेपूर्वी जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. या अभ्यासात २९ बिबट्यांच्या स्थलांतराचा विचार झाला होता. ते पकडल्या ठिकाणापासून सरासरी साडे एकोणचाळीस किलोमीटर अंतरावर सोडण्यात आले होते आणि वाढलेले हल्ले प्रामुख्याने त्या सोडलेल्या जागांच्या आसपास झाले होते. ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०११ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

असे का घडले असावे? बिबट्या आपल्या हद्दीत वस्त्या, कुत्री, वाटा, माणसांच्या वेळा यांच्याशी जुळवून राहतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकले की तो भेदरतो, भटकतो, परतण्याचा प्रयत्न करतो. पिंजऱ्यातील ताण आणि माणसाशी आलेला जवळचा संबंध यांचीही त्यात भर पडते. शिवाय ज्या शिवारातून तो गेला, तेथील ऊस, पाणी आणि भक्ष्य तसेच राहते. रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या भरतो, बहुधा तरुण आणि अननुभवी. नरभक्षक ठरलेला बिबट्या हटवावाच लागतो, त्यावर अभ्यासकांचेही दुमत नाही. दिसेल तो बिबट्या उचलणे मात्र वेगळे. पुढाऱ्याला सभेत दाखवायला पिंजऱ्यातला बिबट्या सोयीचा असतो, पण ज्या गावाजवळ तो सोडला जाणार, त्या गावाला त्या सभेचे निमंत्रण नसते.

शेतशिवारात बिबटे जगतात कशावर?

जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात याच चमूने स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांची गणना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. हा भाग अभयारण्य नव्हता, शेती आणि गावांचा होता. लोकसंख्या दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक होती. तरीही माणसांवरील हल्ले तेथे अत्यंत विरळ होते.

बिबट्याच्या आहाराविषयीचा पुढचा अभ्यास गावाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा आहे. विष्ठेच्या तपासणीतून असे दिसले, की बिबट्याच्या आहारातील ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आधाराने जगणाऱ्या प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा कमी होता, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रे मोकाट असते.

म्हणजे गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर, कोंबड्यांच्या शेडमागचा कचरा, हॉटेलांचे खरकटे यांवर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. याचा संबंध कचरा व्यवस्थापनाशी, म्हणजे थेट ग्रामपंचायतीशी येतो. वन्यजीवांवरील संशोधन शेवटी घंटागाडीपाशी येऊन थांबावे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण गेल्या दोन दशकांत ग्रामविकासाच्या अभ्यासाची दिशा बदलली आहे ती अशीच. एका खात्याचा विषय घेऊन केलेला अभ्यास हळूहळू दुसऱ्या, तिसऱ्या खात्याच्या दारात जातो.

मग हा प्रश्न वन विभागाचा की वीज कंपनीचा?

या भागातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो बिबट्याच्या आधी विजेबद्दल बोलेल. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की उसाला दारे धरायला मध्यरात्री शिवारात जावे लागते. वाकून काम करणारा माणूस अंधारात बिबट्याला चौपायासारखा दिसू शकतो. लहान मुले आणि वाकलेल्या वृद्ध स्त्रिया यांना धोका अधिक का, याचे अभ्यासक देत असलेले स्पष्टीकरणही उंचीशीच निगडित आहे.

दिवसा वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या वाहिनीला द्यायची, अशी ही कल्पना. योजनेच्या कागदपत्रांत तिचे फायदे अनुदानाचा भार, विजेचा दर आणि कार्बन उत्सर्जन या शब्दांत मांडलेले असतात. जुन्नर-शिरूरसाठी मात्र ती जीव वाचवण्याची योजना ठरू शकते. कोणत्या वाहिनीवर आधी दिवसा वीज द्यायची, हा क्रम हल्ल्यांच्या नकाशावरून ठरला, तर त्याच पैशात दोन कामे होतील. पिंपरखेडच्या घटनेनंतर बिबटप्रवण गावांना दिवसा वीज देण्याची मागणी जोरात पुढे आली, ती याच अनुभवातून.

ऊसतोड मजुरांचा मुद्दा तर अजून पुरेसा पुढेही आलेला नाही. फडाच्या कडेला उभारलेल्या कोप्यांना ना दार असते, ना दिवा, ना शौचालय. आई-वडील पहाटे फडात असताना मूल कोपीत एकटे असते. हे मजूर बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात, हंगाम संपला की जातात. ज्या गावाच्या शिवारात ते चार-पाच महिने राहतात, त्या गावच्या ग्रामसभेत त्यांना आवाज नसतो.

नसबंदीचा पर्याय कितपत उपयोगी?

केंद्राने जुन्नर परिसरात मोजक्या मादी बिबट्यांवर प्रायोगिक तत्त्वावर गर्भनियंत्रणाला मान्यता दिली आहे. प्रयोग म्हणून तो व्हायला हरकत नाही. पण त्याचे परिणाम दिसायला वर्षे लागतील, कारण आज जिवंत असलेले बिबटे गर्भनियंत्रणाने कमी होत नाहीत. मोकळ्या बिबट्याला पुन्हा पुन्हा पकडणे, खूण करणे, त्यावर लक्ष ठेवणे हे खर्चिक काम आहे. तोवर गोठे बंदिस्त करणे, वस्तीभोवती उजेड, अंगण आणि ऊस यांत मोकळी पट्टी ठेवणे, मुलांच्या शाळेच्या वाटेची व्यवस्था ही साधी कामेच उपयोगी पडणार आहेत. ती साधी असल्यामुळे त्यांच्या बातम्या होत नाहीत, एवढेच.

पाण्याच्या हिशेबाबद्दल अभ्यास काय सांगतात?

बिबट्याचा माग काढत गेले की उसापाशी येतो आणि उसाचा माग काढला की पाण्यापाशी. राज्यातील एकूण पीकक्षेत्राच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालांत नमूद आहे. तरी शेतकरी ऊस सोडत नाही, कारण एफआरपीचा आधार असलेले, वादळ-गारपिटीत तुलनेने टिकणारे आणि मजुरांची रोजची कटकट नसलेले दुसरे पीक त्याच्यासमोर नाही. टोमॅटोचा दर कोसळल्यावर रस्त्यावर ओतलेले क्रेट ज्याने पाहिले आहेत, त्याला उसाचे आकर्षण वेगळे सांगावे लागत नाही. ‘ऊस बंद करा’ हा सल्ला म्हणूनच अभ्यास म्हणून अपुरा आहे.

अधिक उपयोगी ठरली ती गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत. पाऊस किती पडला, मुरला किती, वाहून किती गेला, विहिरींत किती आहे आणि त्यावर कोणती पिके निघतील, हे ग्रामसभेत मांडायचे. हिवरे बाजारने हे अनेक वर्षे करून दाखवले. पुढे आयआयटी मुंबईने ‘पोकरा’ प्रकल्पासाठी गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाचे गणित बसवून दिले. कुकडीच्या लाभक्षेत्रात मात्र गोष्ट अवघड होते. येथील पाणी गावच्या पावसावर नव्हे, कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असते आणि आवर्तन ठरते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत रंगणारा वाद पाहिला, तर एका गावाचा ताळेबंद किती अपुरा पडतो हे कळते. शाश्वत विकासाचे ‘स्थानिक’ हे विशेषण येथे गावाच्या शिवेवर थांबत नाही, ते नदीच्या खोऱ्याएवढे मोठे करावे लागते.

धरणांच्या वरच्या अंगाला काय घडले?

पूर्वेकडील ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, ते पश्चिमेकडील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या डोंगरांवर पडते. डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातील अनेक कुटुंबे जलाशयाच्या वरच्या उतारांवर सरकली. आंबेगावमधील ‘शाश्वत’ या संस्थेने या लोकांबरोबर काम केले. धरणातील मासेमारीचा हक्क, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरील गाळपेर आणि ‘पडकई’ असे हे काम होते. पडकई म्हणजे उन्हाळ्यात अनेक घरांनी मिळून, एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबून, डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करणे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार या संस्थेला २०१२ मध्ये मिळाला आणि पडकई सरकारी योजनेतही आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० जुलै २०१४ रोजी, त्याच तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ जणांचा मृत्यू झाला. अतिवृष्टी आणि डोंगराची रचना ही कारणे होतीच, पण उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा वाटा किती, यावर तेव्हापासून वाद आहे. माणसांच्या हातांनी होणारी पडकई पावसाचे पाणी कुठून वाहते हे पाहून, थोडी थोडी होत असे. जेसीबी एका दिवसात डोंगर कापतो. नाव तेच, पण काम वेगळे. पारंपरिक ज्ञान योजनेत आणताना त्यातील गती आणि देखरेख हरवली तर काय होऊ शकते, हा माळीणनंतर प्रत्येक डोंगरी गावासमोरचा प्रश्न आहे.

गावांना गुण देणारा निर्देशांक काय दाखवतो?

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात ठरली, मुदत २०३०. भारतात ती गावापर्यंत नेण्यासाठी नऊ संकल्पना निश्चित करण्यात आल्या. गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित, सुशासनयुक्त आणि महिलास्नेही गाव अशी त्यांची नावे. त्यांवर आधारित ‘पंचायत प्रगती निर्देशांक’ केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. ४३५ निर्देशक आणि २ लाख १६ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची २०२२-२३ ची माहिती त्यात आहे. ९० हून अधिक गुण मिळवणाऱ्या सर्वोच्च श्रेणीत देशातील एकही पंचायत बसली नाही. दुसऱ्या श्रेणीत ६९९ आल्या आणि सुमारे ६१ टक्के पंचायती ४० ते ६० गुणांच्या गटात राहिल्या.

गावांची अशी मोजणी होणे चांगलेच आहे. निदान कोणत्या गावात काय कमी आहे, हे आकड्यांत दिसते. अडचण ही, की गुण स्वतंत्र रकान्यांत पडतात आणि गावातील अडचणी मात्र एकमेकींत गुंतलेल्या असतात. उसाने उत्पन्न वाढले तर उपजीविकेच्या रकान्यात गुण वाढतील. त्याच उसामुळे मुलगी संध्याकाळच्या शिकवणीला जाईनाशी झाली, तर तिचा तोटा कोणत्या रकान्यातून वजा करायचा? रात्री दारे धरणाऱ्याची झोप आणि भीती कशी मोजायची? देशभरासाठी एकच मोजपट्टी म्हटल्यावर हे राहणारच. ते भरून काढणे हे स्थानिक संशोधनाचे काम.

हे काम कोण करू शकते?

निमगाव सावासारख्या गावात आज वरिष्ठ महाविद्यालय आहे, नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग उपक्रमासाठी श्रेयांक मिळतात. हे प्रकल्प बहुतेक ठिकाणी कसे होतात, हे शिक्षकांनाही ठाऊक आहे. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारीचे रंगीत गोल काढायचे, ‘जनजागृतीची गरज आहे’ असा निष्कर्ष लिहायचा आणि स्पायरल बाइंडिंग करून जमा करायचे. ज्यांनी माहिती दिली, त्यांना त्या अहवालाचे पानही दिसत नाही. राज्याबाहेरचे, देशाबाहेरचे अभ्यासकही याला अपवाद नाहीत. जुन्नरच्या बिबट्यांवरील इंग्रजी निबंध ऑस्लोत वाचले जातात, ओतूरला नाही.

याउलट मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०११ पासून वन विभाग, अभ्यासक, नागरिक आणि पत्रकार एकत्र आले. गृहसंकुलांच्या बैठका झाल्या, पोलिसांना गर्दी आवरण्याचे प्रशिक्षण मिळाले, पत्रकारांच्या कार्यशाळा झाल्या. अभ्यास तोच, पण तो राहणाऱ्यांच्या भाषेत गेला.

गावपातळीवर जे मोजायला हवे, त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. कोणत्या वस्तीवर किती शेळ्या उघड्यावर बांधल्या जातात, कोणत्या डीपीवर आठवड्यात किती रात्री पाणी धरावे लागते, मेलेली जनावरे कुठे टाकली जातात, शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस किती महिने उभा असतो, कोप्या कुठे पडतात, बिबट्या कधी आणि कुठे दिसला. एवढी माहिती दोन वर्षे सलग, त्याच पद्धतीने, नकाशावर नोंदवली गेली, तर वन विभागाचे पिंजरे, वीज कंपनीच्या वाहिन्या आणि पंचायतीचे दिवे कुठे हवेत, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती एकदा तयार होऊन कपाटात गेली आहे. या नोंदींसाठी तीच उघडता येईल.

ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि पुढच्या वर्षीची कामे त्यातून ठरतात. ऊसतोडीचा हंगामही त्याच्या मागेपुढेच सुरू होतो. फड मोकळे होऊ लागतात आणि आसरा गेलेले बिबटे वस्त्यांकडे सरकतात ते याच काळात.